आबाजी विसरतात, पण थकतं कोण?

मी अकोल्याची, आणि आजचा भाग डिमेन्शियावर. पण विसरणाऱ्या माणसापेक्षा त्याला सांभाळणाऱ्या माणसावर जास्त बोलणार आहे.

आपण याला 'म्हातारचळ' म्हणतो आणि सोडून देतो. पण हा मेंदूचा आजार आहे. भारतात साठीपुढच्या शंभरातल्या साधारण 7 जणांना तो असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

आता एक घर डोळ्यासमोर आणा. आबाजी आत्ताच जेवले, अन् शेजारी जाऊन सांगतात, "सुनेनं मले सकाळपासून जेवाले देल्लं नाही!" संध्याकाळी स्वतःच्याच दारात उभे: "मले घरी जाचं हाय." सुनेला रात्रीची झोप नाही, वर गल्लीत बदनामी. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणतो, "जरा नीट लक्ष देत जा." ती 'थकले' म्हणाली, तर सेवेत कसूर. मग ती डॉक्टरला फक्त डोकेदुखी सांगते.

कोरियन भाषेत यासाठी शब्दच आहे, 'ह्वाब्योंग'. म्हणजे गिळून टाकलेल्या रागाचा आजार: छाती जड, अंगाची आग. तिथेही सासू-सासऱ्यांचं करणं परंपरेनं सुनेकडेच येतं. म्हणून "तुला टेन्शन आहे का?" असं विचारू नका, ती "नाही" म्हणेल. विचारा, "काल रात्री किती वेळा उठावं लागलं? तू जेवली कधी?" खरं उत्तर मिळेल.

लंडनमध्ये 'स्टार्ट' नावाचा उपक्रम झाला. प्रशिक्षण घेतलेले पदवीधर काळजीवाहकाला 8 वेळा भेटायचे. माणूस असं का वागतो, आपण काय बोलायचं, मदत कशी मागायची, हे शिकवायचे. काळजीवाहकांचं नैराश्य कमी झालं.

आपल्या घरी काय करता येईल?

एक, वाद घालू नका. "हेच तुमचं घर आहे" हे दहा वेळा सांगून उपयोग नाही. "चला आबाजी, चहा घेऊन निघू" म्हणा. हाताला काम द्या, तुरीच्या शेंगा सोलू द्या.

दोन, शेजाऱ्यांना आजार सांगून टाका. सुनेवरचा निम्मा आळ तिथंच उतरतो.

तीन, बाहेरगावी असलेल्यांनो, सल्ला नको, पाळी घ्या. सुट्टीत या आणि तिला चार दिवस माहेरी पाठवा. रोज ठरलेल्या वेळी आबाजींशी व्हिडिओ कॉलवर बोला, तेवढ्यात ती निवांत जेवेल.

चार, उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो आणि हे पाणी प्यायचंच विसरतात. माणूस एकदम जास्त गोंधळला, तर लगेच दवाखाना गाठा.

तपासणीसाठी अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय आहे. थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या, त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. आणि सांभाळणाऱ्याचं मन भरून आलं, तर टेलिमानस, 14416. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. पण आधी वहिनीला विचारा, "जेवली का वो?"