ठरीव गोष्ट आणि खरी चांदबिबी

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसू लागतो. लांबून तो हाताच्या अंगठ्यासारखा दिसतो. तो पाहिला, की मनात गोष्टी सुरू होतात. वर एखादी राजकन्या असेल, भुयार असेल, जादूची तलवार असेल!

अशा कल्पनांवर लिहिलेल्या कादंबरीला अद्भुतरम्य कादंबरी म्हणतात. अद्भुत म्हणजे आश्चर्यकारक. तुम्हांला दास्तान हा शब्द ठाऊक आहेच. 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही प्रसिद्ध दास्तान १८८३ पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून निघू लागली. मराठीत लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ साली प्रसिद्ध झाली.

एक साधी मुलगी योद्धा कशी बनते, ही अशा कादंबऱ्यांतील आवडती गोष्ट आहे. पण चार कादंबऱ्या वाचल्या, की पाचवीत पुढे काय होणार ते आधीच कळते. मुलगी गरीब असते. तिच्या गावावर शत्रू चालून येतो. घरचे तिला अडवतात. मग एक म्हातारा गुरू भेटतो. एका प्रकरणात ती तलवार शिकते. एक मित्र दगा देतो. शेवटी ती दुष्ट राजाला हरवते आणि सगळीकडे आनंद होतो. विटा जशा एकाच साच्यातून पाडतात, तशा या गोष्टी एकाच साच्यातून निघतात.

तरीही लोक त्या वाचतात. का बरे? ओळखीच्या वाटेने चालताना भीती वाटत नाही. शिवाय वाचणाऱ्या मुलीला वाटते, 'हिला जमले, तर मलाही जमेल.' हा फायदा लहान नाही. पण या साच्यात एक मोठी उणीव आहे. जिथे विजय आधीच ठरलेला असतो, तिथे धैर्याची खरी परीक्षा होत नाही. ती पाहायची असेल, तर इतिहासाकडे वळावे लागते.

१६ व्या शतकात कर्नाळा किल्ला काही काळ अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता. अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. चांदबिबी याच घराण्यातली. हुसेन निजामशाहाची ती मुलगी. विजापूरच्या अली आदिलशाहाशी तिचे लग्न झाले. १५८० मध्ये तो मारला गेला. तेव्हा ९ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर आला आणि चांदबिबी त्याची पालक झाली. दरबारातील भांडणांमुळे तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही राहावे लागले. म्हणजे तिचे शिक्षण एका प्रकरणात झाले नाही. राज्य कसे चालवावे आणि माणसे कशी ओळखावीत, हे ती अनेक वर्षे शिकत होती.

पुढे ती अहमदनगरला परतली. डिसेंबर १५९५ मध्ये अकबर बादशहाचा मुलगा मुराद याच्या फौजेने तेथील किल्ल्याला वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. किल्ल्यातील लोकांनी काही सुरुंग शोधून त्यांतील दारू काढून घेतली. पण एक सुरुंग उडाला आणि तटाला मोठे भगदाड पडले. तेव्हा चांदबिबी हातात तलवार घेऊन भगदाडापाशी उभी राहिली. तिला पाहून पळणारे शिपाई परत फिरले. अंधार पडेपर्यंत लढाई चालली आणि रातोरात तट पुन्हा बांधून काढला गेला. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड प्रांत मोगलांना द्यावा लागला. पण किल्ला वाचला आणि चांदबिबीच्या भावाचा नातू बहादूर गादीवर राहिला.

साच्यातली गोष्ट इथेच संपली असती. खरी गोष्ट संपली नाही. १६०० साली शहाजादा दानियाल मोठी फौज घेऊन आला. दरबारात फूट होती. किल्ला फार दिवस टिकणार नाही, हे चांदबिबीने ओळखले. बालराजाचा जीव वाचावा म्हणून तिने बोलणी करण्याचा विचार केला. लगेच अफवा उठली, की ती शत्रूला मिळाली आहे. तिच्याच माणसांनी तिला ठार मारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूर कैदी होऊन ग्वाल्हेरला गेला.

तिचे कोणते धैर्य मोठे? तलवार घेऊन उभे राहण्याचे, की लोकांना न आवडणारी खरी गोष्ट सांगण्याचे? पहिल्या वेळी सारे तिच्यामागे होते. दुसऱ्या वेळी ती एकटी होती.

अहिल्यानगरजवळच्या डोंगरावर एक उंच इमारत आहे. लोक तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. खरे तर ती सलाबतखान या सरदाराची कबर आहे. लोकांना चांदबिबी इतकी आवडली, की दुसऱ्याची इमारतही त्यांनी तिच्या नावे केली!

मुलांनो, अद्भुत कादंबऱ्या जरूर वाचा. मात्र पुस्तक मिटल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा : ही मुलगी हरली असती, तरी मला ती शूर वाटली असती का?