पगार नव्हे, मानधन! अंगणवाडी ताईंचा संप समजून घेऊ

आज सुरुवात फोनपासूनच करतो.

ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. रॅम कमी, फोन सारखा अडकायचा, त्यात 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत. पण नोंद राहिली की जबाबदार कोण? ताईच!

आता आमच्या शहापूर-मुरबाडकडे या. डोळखांब, टोकावडे भागात पाडे लांब-लांब. अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस. पोरांची वजनं, गरोदर बायांची नोंद, आहारवाटप, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणं, सगळं त्यांच्याकडेच. शेजारचं पद रिकामं असलं, तर तिथलाही कार्यभार. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, त्यांचीही पोरं नजरेतून सुटता कामा नयेत.

एवढ्या कामाचा पगार किती? पगार नाहीच, 'मानधन'! योजना १९७५ची, तरी ताई अजून 'मानसेवी'. २०२३मध्ये सेविकेला महिना १०,००० आणि मदतनिसाला ५,५०० रुपये. मानधन म्हटलं की वेतनश्रेणी नाही, दरमहा पेन्शनही नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२मध्ये मान्य केला, तरी ती मागावीच लागली.

म्हणून ४ डिसेंबर २०२३ला राज्यभर संप झाला. तब्बल ५२ दिवस! अंगणवाड्या बंद राहिल्या की झळ पोरांनाच बसते, हे खरंय. पण ते ताईंना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पुढच्या वेळी कुणी 'मानधन वाढलं' म्हणालं, तर एवढंच विचारा: पगार कधी?

भेटू पुढच्या भागात!