गाडी धडधाकट, पण इंजिन थकलंय? दुसरं इंजिन बसवण्याआधी हे नक्की वाचा!

१९६६ साली अमेरिकेतल्या इर्व्ह गॉर्डन नावाच्या शिक्षकाने व्होल्वो पी १८०० ही गाडी विकत घेतली. २०१३ मध्ये त्याच गाडीने ३० लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला आणि गिनीज बुकात नाव कोरलं. गंमत म्हणजे त्या गाडीचं इंजिन बदललं नव्हतं. ते उघडून नव्याने बांधलं होतं, इतकंच.

आपल्याकडे मात्र गाडी धूर ओकायला लागली की पहिला सल्ला मिळतो, “दुसरं इंजिन टाका, स्वस्तात मिळतं.” हा सल्ला कधी बरोबर असतो आणि कधी महागात पडतो, ते समजून घेऊया.

आपली ‘स्टेशन वॅगन’ कोणती?

अख्खं कुटुंब आणि सामान एकत्र वाहून नेणारी लांबलचक स्टेशन वॅगन भारतात फारशी रुजली नाही. टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ आणली होती, पण ती चालली नाही. ते काम पुढे क्वालिसने आणि २००५ पासून इनोव्हाने केलं. जुन्या इनोव्हातलं २,४९४ सीसीचं टर्बो डिझेल इंजिन योग्य देखभाल असेल तर लाखो किलोमीटर चालतं. म्हणूनच साडेतीन-चार लाख किलोमीटर झालेल्या या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात आणि ‘आता इंजिनचं काय करायचं?’ हा प्रश्नही त्यांच्याच मालकांना जास्त पडतो.

आधी निदान, मग इंजिन

धूर दिसला म्हणजे इंजिन संपलं असं नाही. काळा धूर बहुतेक वेळा इंजेक्टर, एअर फिल्टर किंवा टर्बोकडे बोट दाखवतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते झिजलेल्या रिंगांमधून येतंय की टर्बोच्या सीलमधून, हे तपासावं लागतं. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा आत झिरपणाऱ्या कूलंटचा असू शकतो.

यासाठी दोन तपासण्या महत्त्वाच्या आहेत. पहिली कॉम्प्रेशन टेस्ट. चारही सिलिंडरमधला दाब साधारण सारखा आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवा. दुसरी लीकडाउन टेस्ट. यात सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. ऑइलच्या झाकणातून हवा आली तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. सायलेन्सरच्या किंवा एअर फिल्टरच्या बाजूने आली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट किंवा हेडमध्येच दोष आहे.

दोष फक्त हेडमध्ये असेल तर पूर्ण इंजिन बदलणं म्हणजे दाढ दुखते म्हणून कवळी बसवणं!

समोर असलेले पर्याय

१. आपलंच इंजिन बांधणं: इंजिन उतरवून लेथवाल्याकडे बोअर, क्रँक आणि हेड तपासलं जातं. मग पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सील नवे बसतात. वेळ जास्त लागतो आणि खर्चही बऱ्यापैकी होतो. पण आत काय बसलं ते मालकाला माहीत असतं. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक तोच राहिला तर नंबरही तोच राहतो.

२. कंपनीचं नवं इंजिन किंवा ब्लॉक: सर्वांत खात्रीचा, पण बहुतेकदा सर्वांत महाग. जुन्या गाडीच्या किमतीशी तुलना केली तर अनेकदा परवडत नाही.

३. वापरलेलं इंजिन: मुंबईतलं कुर्ला किंवा दिल्लीतलं मायापुरी अशा बाजारांत अपघातग्रस्त किंवा मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिनं मिळतात. काम लवकर होतं आणि सुरुवातीचा खर्च कमी असतो. पण ते इंजिन किती चाललंय, कधी तापलं होतं का, हे सांगणारा कुणी नसतो. विक्रेत्याने सांगितलेल्या किलोमीटरला पुरावा नसतो, कारण मीटर गाडीत राहतो, इंजिनात नाही.

४. वेगळ्याच गाडीचं इंजिन: ऐकायला भारी वाटतं, पण गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीएम, माउंटिंग सगळंच बदलावं लागतं आणि कायद्याची अडचण येते ती वेगळीच.

हिशोब किमतीचा नको, किलोमीटरचा करा

समजा, इंजिन बांधायला दीड लाख लागले आणि ते पुढे १ लाख किलोमीटर चाललं. म्हणजे किलोमीटरमागे दीड रुपया. वापरलेलं इंजिन बसवून ९० हजारांत काम झालं, पण ते ३० हजार किलोमीटरवरच बसलं, तर किलोमीटरमागे ३ रुपये. स्वस्त वाटलेलं काम दुप्पट महाग!

अर्थात ब्लॉकला तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तर बहुतेक वेळा बांधण्यात अर्थ उरत नाही. तेव्हा वापरलेलं इंजिन हा व्यवहार्य पर्याय ठरतो. मात्र ते घेताना त्याचीही कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी आणि बिलावर लेखी वॉरंटी मागावी. आपली गाडी बीएस ३ आहे की बीएस ४, त्याच प्रकारचं इंजिन घ्यावं. बाहेरून सारखं दिसलं तरी इंजेक्टर आणि सेन्सरची जुळणी वेगळी असू शकते.

आरसीवर नोंद केली नाही तर?

इथे अनेक जण फसतात. इंजिन नंबर आरसीवर नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आधीच परवानगी घेणं सर्वांत सुरक्षित. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमतीही हवी. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन घेणं शहाणपणाचं. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर नंबर जुळवतो तेव्हा दावा अडकू शकतो. आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलिसांना उत्तर गाडीच्या सध्याच्या मालकालाच द्यावं लागतं. त्यामुळे विक्रेत्याकडून जीएसटी बिल, मूळ गाडीचा नंबर आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इंजिन उतरवलंच आहे, तर…

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट, ऑइल सील, इंजिन माउंटिंग याच वेळी बदलून घ्या. नंतर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. जुनं इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर आणि पंखा तपासल्याशिवाय नवं बसवू नका, नाहीतर तेही त्याच वाटेने जाईल. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलरमधलं ऑइल आणि धातूचे कण साफ करायला विसरू नका. बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर जास्त ताण न देता चालवावं आणि मग ऑइल बदलावं.

शेवटी एक गोष्ट. नोंदणीची १५ वर्षं संपत आली असतील तर फिटनेस, पुनर्नोंदणी आणि हरित कर हेही हिशोबात धरा. चेसिस गंजलेली असेल तर कितीही चांगलं इंजिन गाडीला वाचवू शकत नाही. पण सांगाडा मजबूत असेल तर ज्याचा इतिहास माहीत आहे तेच इंजिन सर्वांत भरवशाचं, आणि बहुतेक वेळा ते तुमच्याच बॉनेटखाली असतं.

ओळखीत कुणाची जुनी गाडी धूर काढत असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा!