वाचक मोजा, पण त्यांचा माग नको

प्राणहितेकाठच्या भागातलं बेज्जूर आधी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून कोमरम भीम आसिफाबादमध्ये आहे. अशा लहान गावासाठी वेबसाइट चालवत असाल, तर मोजणी जपून करा. इथे आकडेवारीतला ‘एक वाचक’ म्हणजे बहुधा ओळखीचाच माणूस!

मराठी विकिपीडियाचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे गूगल ॲनालिटिक्स नाही, तरी कोणत्याही लेखाची वाचनसंख्या कुणालाही दिसते. २०२३ पासून विकिमीडिया देशनिहाय आकड्यांमध्ये मुद्दाम थोडी सरमिसळ करून ते प्रसिद्ध करतं, म्हणजे एकटादुकटा वाचक उघडा पडत नाही.

आपल्यासाठी गूगल ॲनालिटिक्सऐवजी मोजणीचं प्लॉजिबल हे साधन चांगला पर्याय. कुकी नाही. आयपी पत्ता, ब्राउझरची माहिती आणि रोज बदलणारी गुप्त किल्ली यांतून वाचकाची सांकेतिक ओळख बनते. किल्ली २४ तासांत पुसली जाते. त्यामुळे कालचा वाचक आज पुन्हा आला तर नवा धरला जातो. महिन्याचा आकडा फुगतो खरा, पण हा तोटा मी आनंदाने सोसेन. सगळा डेटा स्वतःच्या सर्व्हरवर हवा असेल तर माटोमो पाहा. २००७ मध्ये ते पिविक नावाने सुरू झालं.

आधीपासून गूगल ॲनालिटिक्स वापरत असाल, तर महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालवा, आकडे ताडून बघा आणि मग जुना कोड नक्की काढून टाका.