राखेचा बंधारा फुटला, माशांचं काय?

समुद्रातल्या पवनचक्क्यांचा माशांवर काय परिणाम होतो, हे युरोपात कसून तपासतात. खांब ठोकतानाच्या आवाजाने मासे दूर पळतात. पुढे त्याच खांबांभोवती जमतातही. नागपूरची वीज मात्र कोळशाची, आणि मासे नदीतले. जुलै २०२२मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, राखाडी पाणी कोलार-कन्हान नद्यांमध्ये उतरलं. पिठासारखी ही राख कल्ल्यांच्या नाजूक झालरींवर बसली की माशाचा श्वास कोंडतो. तळाशी थर साचला की अंडी आणि माशांचं खाद्य असलेले किडे गाडले जातात. पाणी निवळलं तरी तो थर राहतो. म्हणून नुसत्या पाण्याच्या नमुन्यांवर विसंबू नये. गाळ आणि ढिवर मच्छीमारांच्या जाळ्यात आलेले मासेही वर्षानुवर्षं तपासायलाच हवेत.