असं का होतं? : डोळा लख्ख, पंख धूसर

सप्टेंबरात रायरेश्वराच्या पठारावर सोनकी फुलली, की भोरकडून गाड्यांची रीघ लागते. फुलावरच्या माशीचा जवळून फोटो घ्यावा, तर तिचा डोळा लख्ख आणि पंख मात्र पुसल्यासारखे. दोष हाताचा नाही, अंतराचा आहे.

भिंग एका वेळी एकाच अंतरावरून आलेला प्रकाश नेमका बिंदूत आणतं. त्याच्या पुढचं-मागचं सगळं फुगून ठिपके होतं. वेल्ह्यात मढे घाटाच्या कड्यावरून दरी टिपताना एखादं झाड दोन हात इकडे-तिकडे असलं, तरी हे ठिपके इतके बारीक की कळतही नाहीत. पण माशी दहा सेंटिमीटरवर असेल, तर डोळा आणि पंख यांतलं पाच मिलिमीटरचं अंतर म्हणजे विसावा हिस्सा!

कॅमेऱ्याचं छिद्र लहान केलं, की किरणांचा झोत निमुळता होतो आणि ठिपके आकसतात. लांबची पाटी वाचताना आपण डोळे बारीक करतो, तसंच. मात्र उजेड घटतो. छिद्र फारच लहान केलं, तर प्रकाश त्याच्या कडांपाशी पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं.

त्यापेक्षा बाजूने टिपा. पंख मिटलेलं फुलपाखरू भिंगाला समांतर आलं, की जवळजवळ सगळं एकाच अंतरावर. वेळ सकाळची गाठा: अंग तापल्याशिवाय कीटकांचे उडण्याचे स्नायू नीट चालत नाहीत, म्हणून दवाने भिजलेला चतुर काडीला मुकाट चिकटून असतो. फोटोसाठी लोळताना खालची सोनकी चिरडू नका, एवढी कुरकुर करतोच.