आपल्या वस्तीचे चित्र

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि काठावरची झोपडी. आपल्या मुलांची चित्रकलेची वही उघडा, हेच चित्र सापडेल. मूल राहते चाळीत किंवा वस्तीत. रोज पाहते ते नळावरची रांग, पहाटे कामाला निघालेले वडील, विहारातील वंदना. यांतले काहीच कागदावर उतरत नाही. आपले जगणे चित्रात घेण्याजोगे नाही, असे कुणी न सांगताच त्याच्या मनात भरलेले असते. हा समज काही कलावंतांनी खोडून काढला आहे.

नागपूरचे सवी सावरकर हे त्यांतील एक अग्रणी नाव. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधण्याची सक्ती होती, याचा दाखला बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिला. सावरकरांनी तेच मडके आणि तोच झाडू चित्रात आणला. धर्माच्या नावाने नासवलेली देवदासीही त्यांच्या चित्रांत आहे. ही चित्रे दिवाणखाना सजवत नाहीत, ती पाहणाऱ्याला जाब विचारतात.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन अनेक वर्षे कॅमेऱ्यात टिपले. शहर ज्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करते, ती माणसे त्यांनी शहरासमोर उभी केली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मुंबईचेच विक्रांत भिसे श्रमिकांची आणि दलित पँथरपासूनच्या आंबेडकरी चळवळीची चित्रे रंगवतात.

आपल्यातलेच काही सुशिक्षित बांधव विचारतात, "तेच दुःख किती दिवस दाखवायचे? मुलांसमोर झाडू आणि मडके कशाला?" या प्रश्नामागची वेदना खरी आहे. पण तथागतांनीही प्रथम दुःख आहे हेच सांगितले, मग त्याचे कारण आणि निरोधाचा मार्ग दाखवला. दुःख झाकून ठेवले, तर त्याचे कारणही झाकलेलेच राहते. आपण चित्र काढले नाही, तर दुसरा कुणी काढील. त्यात आपण बिचारे तरी असू, नाहीतर नसूच.

शिवाय आपले जगणे म्हणजे केवळ दुःख नव्हे. बिहारच्या मालविका राज यांनी मधुबनी शैलीत भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांचे जीवन रंगवले. ज्या शैलीत प्रामुख्याने रामायणातील आणि कृष्णाचे प्रसंग रंगवले जात, तिच्यात त्यांनी आपले महापुरुष आणले. त्याच मिथिलेतील दुसाध स्त्रियांनी अंगावरच्या गोंदणाच्या नक्षीतून 'गोदना' ही स्वतंत्र चित्रशैली घडवली होती. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, त्यांच्याजवळ गोंदण होते. कला तिथूनच सुरू झाली.

मातापित्यांनो, १४ एप्रिलच्या चित्रकला स्पर्धेसाठी मुलाला कॅलेंडरवरचे चित्र गिरवायला देऊ नका. त्याला आजीचे हात काढू द्या, आईची कामाची पिशवी काढू द्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लोटलेली गर्दी काढू द्या. रंग परवडत नसतील, तर चुलीतला कोळसाही चालतो. चित्र वेडेवाकडे झाले तरी हसू नका. "हे कोण?" एवढे विचारा आणि मूल काय सांगते ते नीट ऐका.